‘दारात चपला’ आणि मावशीचं बटण

वडील गेल्यावर माणूस काय वाट्टेल ते करतो. कुणी दाढी वाढवतो, कुणी घर विकायला काढतो. उदासरावांनी गाणं केलं.

उदासराव हे त्यांच्या बँडच्या ड्रमरने ठेवलेलं नाव, पण ते असं काही चिकटलं की बायकोसुद्धा त्याच नावाने हाक मारायला लागली. चाळिशी उलटलेला हा गृहस्थ काळा शर्ट घालून, डोळे मिटून, गिटारला लेकरासारखं पोटाशी धरून स्टेजवर उभा राहायचा आणि गायचा. त्यांच्या गाण्यात कुणीतरी मेलेलं असायचं, नाहीतर मरायच्या बेतात असायचं, अगदीच काही नाही तर निदान परगावी तरी गेलेलं असायचं. ऐकायला येणारी मंडळी ठरलेली. त्यातली निम्मी नातेवाईक आणि उरलेली बाहेर ऊन फार आहे म्हणून आत आलेली.

‘दारात चपला’ची गोष्ट मात्र वेगळी होती. ते वडिलांचं गाणं होतं. वडील घरोघर फिरून विजेचे मीटर वाचायचे. एके दिवशी बसल्या बसल्या गेले. त्यांच्या चपला आईने दारातून हलवल्या नाहीत आणि हलवायचं कुणी सुचवलंही नाही. उदासराव वर्षभर त्या चपलांकडे बघत होते आणि मग त्यांनी लिहिलं: ‘दारात चपला, घरात तू नाही, वाट ती थकली, वाटसरू नाही.’ चाल अशी संथ, की दोन ओळींच्या मध्ये माणूस जाऊन दाढी करून येईल.

पण त्यांनी ते जीव ओतून केलं होतं, हे खरं. त्यांची इच्छा एकच होती. आईने ते गाणं एकदा, फक्त एकदा, शेवटपर्यंत ऐकावं. वडिलांसाठी आई रडलेली त्यांनी पाहिली नव्हती. ते साचलेलं कुठेतरी मोकळं व्हावं आणि ते आपल्या गाण्याने व्हावं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. आणि आई काही ऐकायला तयार नव्हती! पहिलं कडवं संपायच्या आत उठायची. “गॅसवर दूध आहे.” “नळ चालू राहिला वाटतं.” एकदा कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसवली, तर तिथूनही उठली आणि बाहेर तिकिटं फाडणाऱ्या माणसाशी त्याच्या गुडघेदुखीबद्दल बोलत बसली.

“तिला सोसत नाही,” बायको म्हणायची.

“अगं, सोसावं म्हणूनच तर केलंय,” उदासराव म्हणायचे आणि पुन्हा गिटार पोटाशी धरायचे.

आता बँडबद्दल. ड्रमर होता, तो ड्रमवर वैर असल्यासारखा तुटून पडायचा. कीबोर्डला बायको. आणि बासला, म्हणजे जाड, खर्जातल्या सुरांच्या गिटारला, मावशी. मावशी म्हणजे आईची धाकटी, सख्खी बहीण. तिची मोटार शिकवायची शाळा होती. त्या शाळेच्या माळ्यावर बँडची तालीम चाले आणि शाळेच्या जुन्या व्हॅनमधून सामान जाई. अशा माणसाने “मलाही काहीतरी वाजवायला द्या रे” म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? सगळ्यांनी विचार केला, बासला चारच तारा असतात, देऊन टाकू.

मावशी बोट उचलायची ती मनात येईल तेव्हा. ड्रमर म्हणाला, हिच्यामुळे माझा तोल जातो. मग साउंडवाल्याने गुपचूप तोडगा काढला. मावशीच्या कानातल्या यंत्रात तिचा बास तिला मस्त ऐकू जायचा, पण हॉलमध्ये सोडायचं बटण शून्यावर. बासचे सूर उदासरावांची बायको कीबोर्डवर डाव्या हाताने भरून काढायची. मावशी खूश, ड्रमर खूश, व्हॅनही वेळेवर दारात. हा प्रकार इतकी वर्षं चालला की त्यात काही लपवण्यासारखं आहे हेही सगळे विसरून गेले.

आणि एका शनिवारी साउंडवाल्याच्या मुलीचं बाळंतपण आलं. तो म्हणाला, “काळजी करू नका, माझा साडू येईल. सहा वर्षं बोटीवर साउंड करत होता, मोठमोठ्या बोटींवर.” साडू आला. गोल चेहऱ्याचा, रंगीत शर्टाचा, सतत काहीतरी चघळणारा माणूस. त्याला सगळं सांगितलं: माइक, दिवे, फ्यूज कुठे आहे, संडास कुठे आहे. मावशीच्या बटणाचं मात्र कुणीच सांगितलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल.

कार्यक्रम एका कारखान्याच्या कामगार क्लबात होता, दुपारी. खुर्च्या पत्र्याच्या, लोक जेवून सुस्तावलेले. उदासरावांनी डोळे मिटले आणि ‘दारात चपला’ सुरू केलं. मागे साडूने टेबलावर एक बटण शून्यावर पाहिलं. “अरेच्चा, हे कसं राहिलं?” असं मनाशी म्हणून त्याने ते सरळ वर नेलं.

उदासरावांना आधी वाटलं, बाहेर ट्रक सुरू झाला. पोटातच काहीतरी हललं. धुम्... धुम्-धुम्. मग काहीच नाही. मग पुन्हा धुम्, जिथे कुणीच अपेक्षा करणार नाही अशा जागी. गाणं जिथे पाऊल टाकेल तिथे बास नसायचा, आणि गाणं पाय उचलायला गेलं की खालून धक्का यायचा. उदासराव डोळे मिटून “वाट ती थकलीऽऽ” म्हणत होते आणि समोरून खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता.

त्यांनी डोळे उघडले. लोक उभे होते. नुसते उभे नाहीत, हलत होते. कंबरेतून हलत होते! जाडजूड फोरमन, कॅन्टीनच्या बायका, हिशेब खात्यातला टकलू. आणि ‘दारात चपला’ हे शब्द पुन्हा आले तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईने पायातली चप्पल काढली आणि हवेत उंच धरली. मग दुसऱ्याने. मग अख्ख्या हॉलने.

आता, गाणाऱ्यासमोर प्रेक्षकांनी चपला उगारल्या म्हणजे गाणाऱ्याने काय समजायचं? उदासराव गिटारसकट खाली बसले. ड्रमर ड्रमच्या मागे लपला, पण हात चालू ठेवून. चप्पल एकही आली नाही. लोक ती डोक्यावर नाचवत होते आणि ओरडत होते, “घरात तू नाही! घरात तू नाही!” गाणं संपल्यावर त्यांनी ते पुन्हा मागितलं. उदासरावांच्या आयुष्यात कुणी गाणं पुन्हा मागितलं नव्हतं. बंद करा म्हणून मात्र बऱ्याचदा सांगितलं होतं.

परतीच्या वाटेवर सगळे व्हॅनमध्ये होते, साडूसकट. मावशी गाडी चालवत होती आणि व्हॅनच्या टेपवर नेहमीचं धुम्-धुम् चाललं होतं. व्हॅन जुनी घेतली तेव्हापासून त्या टेपमध्ये एक कॅसेट अडकलेली होती, ती निघेना आणि टेप सुरू केला की तीच वाजे. बाकीचे सगळे कानात बोळे घालून झोपायचे. मावशी ऐकायची.

“मावशी,” उदासराव शेवटी म्हणाले, “हे काय वाजवलंस आज?”

“आज काय? मी नेहमी हेच वाजवते.”

“नेहमी?”

“मग! तुझी गाणी ऐकून मला झोप येते रे बाबा, आणि परत येताना गाडी मलाच चालवायची असते. म्हणून आपलं आपल्यापुरतं जरा नाचरं वाजवते. तसाही माझा आवाज तुम्ही बाहेर सोडत नाही.”

बायकोने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. ड्रमर बुटाची लेस बांधू लागला, त्याच्या बुटांना लेस नव्हती.

“तुला माहीत होतं?” उदासरावांनी विचारलं.

“पहिल्या महिन्यापासून. मी काय दूधखुळी आहे? आधी वाईट वाटलं, नाही असं नाही. मग म्हटलं, बरंच आहे की! कुणी ऐकत नाही म्हणजे मोकळं रान.” आणि तिने झोकात वळण घेतलं.

साडू मागच्या सीटवरून एकदम पुढे झुकला. “अहो, ही कॅसेट डान्सहॉलची आहे! जमैकाचं संगीत. भररस्त्यात कपाटाएवढे स्पीकर लावतात आणि नाचतात. त्यात बास म्हणजे राजा, बाकीच्यांनी अदबीने बाजूला उभं राहायचं. आणि तुमचं गाणं इतकं संथ आहे ना साहेब, की मावशी त्याच्या पोटात दुप्पट वेगाने धावतात तरी धक्का लागत नाही. हे रेकॉर्ड करा. मी सांगतो, करा.”

“ते माझ्या वडिलांचं गाणं आहे,” उदासराव कडाडले. “शोकगीत आहे ते! लोक त्यावर कंबर हलवणार? आईला काय तोंड दाखवू मी?”

“आई तर तसंही ऐकत नाही,” बायको खिडकीकडे बघत हळूच म्हणाली. उदासरावांना ते फार लागलं. पण खोटं काय बोलली ती?

दोन आठवडे घरात अबोला, तालमीला दांड्या, चहात साखर कमी. शेवटी उदासरावांनी एका अटीवर मान डोलावली: नुसतं रेकॉर्ड करायचं, बाहेर काढायचं नाही. आईच्या कानावर तर मुळीच जाता कामा नये.

साडूचा स्टुडिओ म्हणजे बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाचं गोदाम. भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या, मध्ये सोफ्याचे सांगाडे. साडूने आल्या आल्या ड्रमरच्या झांजा काढून बाहेर पॅसेजमध्ये नेऊन ठेवल्या. “आजपासून पथ्य,” तो म्हणाला. “पायाचा ड्रम आणि काठीची टिकटिक. एवढंच.” ड्रमर दर पाच मिनिटांनी पॅसेजमध्ये जाऊन झांजांकडे बघून यायचा. बायकोचा डावा हात सवयीने बासच्या सुरांकडे धावायचा, म्हणून त्या हातात साडूने गरम चहाचा कप दिला. सांडला तर भाजेल, मग हलतोय कशाला! उजव्या हाताने तिने ठेक्याच्या मधल्या जागेत दोन-दोन सूर टोचायचे, बस्स.

राहिले उदासराव. ते काही बसेनात. त्यांनी “चपलाऽऽऽ” असा सूर धरला की धरला, तोवर ठेका पुढच्या गल्लीत पोचलेला असायचा. मावशी स्टुलावर पाठ ताठ करून बसली होती, शिकाऊ ड्रायव्हरशेजारी बसते तशी. तिच्या शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असायचा. इथेही तिने तेच केलं. उदासरावांनी शब्द लांबवला की पाय आपटायचा आणि बास बंद! गाणं जागच्या जागी ठप्प.

“पुन्हा. ओढू नकोस. शब्द टाक आणि सोडून दे.”

“चपलाऽऽ—”

धप्प.

“ओढलास. पुन्हा.”

“मावशी, यात भावना आहे!”

“असू दे की. भावनेला कोण नाही म्हणतंय? पण पुढचा गाडी काढतोय, तू अजून आरसा पुसतोयस.”

असं दुपारभर चाललं. ड्रमर सोफ्याच्या सांगाड्यावर आडवा झाला. चहाचे तीन कप गार झाले. आणि मावशीने पुन्हा पाय आपटला तेव्हा उदासरावांची सटकली. आयुष्यभर हळुवार गाणारा माणूस तो, पण त्या क्षणी माइकसमोर जाऊन त्याने मावशीवर, ठेक्यावर, साडूच्या शर्टावर, सगळ्या जगावरचा राग काढला. “दारात चपला!” गप्प. “घरात तू नाही!” गप्प. भांडल्यासारखं, दटावल्यासारखं, प्रत्येक ओळ फेकून मारल्यासारखी. दोन ओळींच्या मध्ये तो दम खायला थांबायचा आणि त्या रिकाम्या जागेत मावशीचा बास खालून येऊन गाणं उचलून न्यायचा. मावशीने पाय आपटला नाही. साडूने चघळणं थांबवलं. गाणं सात मिनिटांवरून तीनवर आलं आणि संपलं, तेव्हा बायकोच्या हातातला कप रिकामा होता. चहा तिच्या मांडीवर होता आणि तिला पत्ता नव्हता.

“झालं,” साडू म्हणाला. “आता कुणी हात लावू नका.”

बाहेर काढायचं नाही असं ठरलं होतं. पण ड्रमरने ते आपल्या एका मित्राला “फक्त ऐकायला” दिलं. मित्र रेडिओवर होता. आता ड्रमरच्या पोटात काही राहत नाही हे उदासरावांना ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण ज्याच्या झांजा काढून घेतल्या, त्याच्यावर ओरडायचं तरी किती!

गाणं सुटलं ते सुटलंच. पंधरवड्यात रिक्षात तेच, सलूनमध्ये तेच, जिममध्ये तेच. बँकेतला शिपाई शिक्के मारायचा ते त्या ठेक्यावर. पोरांच्या वाढदिवसाला चपलांचा ढीग करून त्याभोवती नाच. एका चप्पल कंपनीची माणसं जाहिरातीचं विचारायला आली, त्यांना उदासरावांनी दारातूनच घालवलं. रस्त्यात अनोळखी माणसं त्यांना बघून पायातली चप्पल काढून हवेत धरायची आणि उदासराव अजूनही दर वेळी दचकायचे.

घरी मात्र त्यांनी बंदोबस्त चोख ठेवला. आईचा रेडिओ दुरुस्तीला म्हणून नेला आणि स्वतःच्या कपाटात कोंबला. टीव्हीची वायर सैल करून ठेवली. खालून कुणाच्या गाडीत गाणं लागलं की उदासराव स्वयंपाकघरात मिक्सर चालू करायचे. रिकामाच. मावशीला, बायकोला, शेजाऱ्यांना शपथा घातल्या. आपण बापाच्या मरणावर गावाला नाचवलं, हे आईला कळलं तर ती काय म्हणेल या विचाराने त्यांना घास उतरेना. प्रसिद्ध झाल्याचा आनंद म्हणून म्हणतात, तो त्यांच्या वाट्याला शष्प आला नाही.

आणि एका सकाळी आई भाजी घेऊन आली. पिशवी टेबलावर ठेवली, टोमॅटो वेगळे काढले आणि म्हणाली, “भाजीवाल्याकडे तुझं गाणं लागलं होतं.”

उदासरावांचा हात मिक्सरकडे गेला.

“अर्धंच ऐकलं. त्याचा फोन वाजला, मेल्याने मध्येच बंद केलं. तुझ्याकडे असेल ना? लाव बघू.”

“आई, ते... तू नको ऐकूस. ते मी तसं केलं नव्हतं. त्या साडूने आणि मावशीने—”

“लाव म्हटलं ना.”

त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला, टोमॅटोंच्या शेजारी. आई खुर्चीवर बसली. धुम्. धुम्-धुम्. उदासराव ओट्याला टेकून शिक्षेची वाट बघत उभे राहिले. पहिलं कडवं सरलं आणि आई उठली नाही. मग ते दटावल्यासारखं आलं, “दारात चपला! घरात तू नाही!” आणि आई फिस्सकन हसली.

“हे असं ओरडणं तुला कुठे सापडलं रे?”

“काय?”

“अरे, मी हेच ओरडायचे ना त्यांच्यावर! अगदी असंच. तू लहान होतास, आठवत नसेल. कामावरून आले की चपला दारात काढायच्या आणि अनवाणीच कुणाच्या तरी घरात. दिवसभर लोकांची दारं वाजवून पोट भरायचं नाही त्यांचं. मी चहा टाकून हाक मारावी, तर चपला दारात आणि माणूस गायब! मग मी जिन्यात उभी राहून गळा काढायचे. वरच्या मजल्यावरून आवाज यायचा, ‘आलोऽ!’ यायचे मात्र अर्ध्या तासाने.”

उदासराव ओट्यापासून पुढे आले. “मग आधीचं गाणं तू कधी...”

“त्यात तो थकलेला वाटसरू कोण होता बाबा? मी कधी पाहिला नाही तसला माणूस. थकलेले आणि ते! माझा नवरा गेला तो गेला, वर हा कोण रडका परका आणून बसवलास माझ्यासमोर? तुझं मन मोडायला नको म्हणून उठून जायचे.”

गाणं चालूच होतं. तिच्या पायाचा अंगठा फरशीवर ठेका धरत होता. ध्रुवपद पुन्हा आलं तेव्हा ती खुर्चीतून अर्धवट उठली, मान दाराकडे वळवली आणि त्या जुन्या, जिन्यातल्या आवाजात मोबाईलच्या वरताण ओरडली, “दारात चपला! घरात तू नाही!”

मग गाण्यातली ती रिकामी जागा आली. तिने कान दिला. मान तशीच वळलेली, तोंड किंचित उघडं, उत्तर यायचंच आहे अशी. बास आला. आणखी काही आलं नाही.

आई हळूच खाली बसली. तोंडावर पदर घेतला आणि ती रडायला लागली. मोठ्याने, श्वास अडकत, खांदे हलवत, इतके दिवस कुठे ठेवलं होतं कोण जाणे असं. उदासरावांना जे हवं होतं ते हेच, आणि आता ते त्यांना बघवेना. आपण काय करून बसलो असं झालं आणि ते घाईने टेबलाकडे धावले, गाणं बंद करायला.

आईने पदरातूनच त्यांचा हात धरला.

“बंद नको करूस,” ती म्हणाली. “संपू दे.”